खुबा मोडला म्हणजे माणूस संपला काय?

आपल्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे एक वाक्य चालत आले आहे. एखादी वृद्ध बाई मोरीत घसरून पडते, तिला उठता येत नाही, पाय उचलता येत नाही. शेजारीपाजारी जमतात आणि कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, "खुबा मोडला वाटतं. आता काही खरं नाही." हे डॉक्टरने सांगितलेले नसते. एक्स-रेसुद्धा निघालेला नसतो. तरीही त्या घडीपासून घरातल्या माणसांची त्या बाईकडे बघण्याची नजर बदलते. लांबच्या लेकींना निरोप जातात, ते उपचारासाठी नव्हे, शेवटची भेट व्हावी म्हणून.

माझी आजी अशीच गेली. १९९० साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती ओल्या दगडावरून घसरली. हाडवैद्याने पाला बांधला, पायाला दोरी लावून खाटेच्या खाली वीट टांगली आणि सव्वा महिना हलू नका म्हणून सांगितले. ती तीन महिने हलली नाही. पाठीला जखमा झाल्या, छाती भरली आणि तिचे निधन झाले. वय झाले होते, असे सगळे म्हणाले. तिचे वय साठच्या आसपास होते.

यात नेमके काय मोडते, हे समजून घेतले पाहिजे. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचे गोल डोके त्या वाटीत फिरते. हे डोके खालच्या लांब हाडाला एका आखूड मानेने जोडलेले असते. उतारवयात ही मान ठिसूळ होते. बायकांची पाळी थांबली की हाडे अधिकच विरळ होतात, म्हणून ही पाळी बायकांवरच जास्त येते. मान मोडली की डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. रक्त नाही म्हणजे हाडाचा जोड नाही, मग पाला बांधा नाहीतर वीट टांगा. मोड मानेच्या खाली असेल तर तेथे रक्तपुरवठा चांगला असतो, खिळा किंवा पट्टी घालून हाड जुळवता येते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. माणूस मोडलेल्या हाडाने सहसा मरत नाही, तो अंथरुणाने मरतो. न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, पाठ सडते. म्हणून शक्य तेथे एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

२०१९ साली माझी थोरली मावशी पडली. वय अडुसष्ट. मावसा गिरणीत रिंग खात्यात होते, ते १९८२ च्या संपानंतर कधीच उभे राहिले नाहीत. मावशीने पॅकिंगची कामे करून चार लेकरे वाढवली. रविवारी सकाळी मोरीत पाय सरकला. मी पोचले तेव्हा ती फरशीवरच होती. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. वाचकहो, ही खूण लक्षात ठेवा. असा पाय दिसला की चोळायचे नाही, ओढायचे नाही, उभे करून बघायचे नाही. पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावायच्या आणि १०८ ला फोन करायचा.

पण घरात वेगळीच चर्चा चालली होती. मालीशवाल्याला बोलवायला माणूस गेला होता. मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता ह्या वयात तिची चिरफाड कशाला? आराम पडू दे." तो वाईट मुलगा नाही. त्याच्याकडे पैसे नव्हते आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात बसलेले होते. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर. अंगारेधुपारे आपण १९५६ सालीच सोडले म्हणतो, परंतु हाड मोडले की दवाखान्याआधी मालीशवाला का आठवतो, हे मला न सुटलेले कोडे आहे. मावशी मात्र खालून ओरडली, "आगं पोरी, मला हितं ठिवू नका. तुज्या आजीवानी मला मारू नका." त्यापुढे चर्चा राहिली नाही.

ज्या धर्मादाय रुग्णालयात तिला नेले तेथील खिडकीवर आधी अनामत रक्कम मागितली. गरीब रुग्णांसाठीची खाट शिल्लक नाही, असेही सांगितले. मी म्हटले, तसे लेखी द्या. अर्ज लिहिणे आणि पोच घेणे हा तर माझा नोकरीतला रोजचाच धंदा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवल्या पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. त्यासाठी रुग्णालयांनी बिलांच्या रकमेतून २ टक्के निधी वेगळा काढायचा असतो. लेखी देण्याची तयारी कोणाची नव्हती. चार तासांनी खाट सापडली. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ज्यांच्या घरी तयार नाही त्यांनी तो करून ठेवावा, पडल्यावर तहसील कचेरीत जायला वेळ मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या रुग्णालयांत आहे तेथे आरोग्यमित्राचे टेबल असते, तेथेही आधी विचारावे.

मावशी चालतीफिरती, स्वतःचे सगळे स्वतः करणारी. म्हणून डॉक्टरांनी नुसते डोके न बदलता वाटी आणि डोके दोन्ही बदलायचे ठरवले. मी विचारले, हे टिकेल का? ते घाईत होते. इतकेच म्हणाले, "बाई, हे चार्नलींचे काम आहे. साठ वर्षे होत आली, टिकतेय." ते नाव मी लिहून घेतले, आणि पुढे कित्येक शनिवार वाचनालयात बसून ते शोधत गेले.

डॉ. जॉन चार्नली यांचा जन्म १९११ साली इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातील बरी या गावी झाला. हा परगणा म्हणजे सुती गिरण्यांचे माहेरघर. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मुलगा मँचेस्टरला डॉक्टर झाला. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून इजिप्तकडे असताना त्यांना यंत्रशाळेत बसून साधने बनवून घेण्याची गोडी लागली. आपण डॉक्टर, आपण हात काळे कसे करावे, असा विचार या माणसाला शिवला नाही.

पुढे राइटिंग्टन या खेड्यातल्या रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले. ते मूळचे क्षयरोग्यांचे रुग्णालय. क्षयावर औषधे निघाली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या, तेथे यांनी बिऱ्हाड मांडले. त्यांच्यासमोर प्रामुख्याने संधिवाताने सांधा झिजलेले रुग्ण होते. धातूचे डोके बसवण्याचा प्रयोग अमेरिकेत डॉ. ऑस्टिन मूर व डॉ. हॅरोल्ड बोलमन यांनी १९४० सालीच केला होता. परंतु डोके बदलले तरी वाटी झिजलेली असेल तर दुखणे जात नाही. दोन्ही बाजू बदलायच्या तर त्या एकमेकींवर घासणार. चार्नलींकडे एक रुग्ण आला होता, त्याला प्लॅस्टिकचे डोके बसवलेले होते. तो पुढे वाकला की सांधा कुरकुरे, इतका की बायकोला ते सहन होईना. चार्नलींनी त्या कुरकुरीचा विचार केला. सांधा कुरकुरतो म्हणजे घर्षण आहे, घर्षण आहे म्हणजे आज ना उद्या तो हाडातून सैल होणार.

म्हणून त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. धातूचे डोके लहान ठेवायचे, सुमारे २२ मिलिमीटरचे, म्हणजे खेळातल्या मोठ्या गोटीएवढे. आणि वाटी निसरड्या पदार्थाची करायची. त्यांनी निवडले टेफ्लॉन, ज्याचा थर आज आपल्या घरातल्या नॉनस्टिक तव्यावर असतो. सांधा हाडात पक्का बसावा म्हणून दातांच्या कवळीसाठी वापरतात तसले अ‍ॅक्रिलिक त्यांनी घेतले. ते डिंकासारखे चिकटवायचे नसते. फरशीखाली गवंडी माल भरतो तसे ते हाड आणि धातू यांच्यामधल्या पोकळीत भरायचे असते.

रुग्ण चालू लागले. कुबड्या टाकून लोक घरी गेले. डॉक्टरांचे नाव झाले. आणि दोन-तीन वर्षांत एकेक जण परत येऊ लागला. टेफ्लॉनची वाटी झिजून तिचा भुगा होत होता आणि त्या भुग्याने भोवतीचे मांस सुजून हाड पोखरले जात होते. असे सुमारे ३०० रुग्ण. चार्नलींनी काय करावे? कंपनीकडे बोट दाखवता आले असते. रुग्ण जास्त चालले, वजन जास्त होते, अशी कारणे सांगता आली असती. आपल्याकडे अशी कारणे आपण ऐकत आलो आहोत. त्यांनी त्या रुग्णांना पुन्हा बोलावले, बिघडलेले सांधे स्वतः काढायला घेतले, आणि आपली रीत चुकली असे जाहीरपणे लिहिले.

यापुढची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. रुग्णालयाच्या यंत्रशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा तरुण कारागीर होता. डॉक्टर नव्हे, मेकॅनिक. वेगवेगळे पदार्थ घासून किती झिजतात हे पाहणारे यंत्र त्याच्या ताब्यात होते. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांचा नमुना घेऊन आला. जर्मनीत बनलेले हे दाट पॉलिथिन लँकेशायरच्या गिरण्यांत कापड विणणाऱ्या मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जात होते. क्रेव्हनने तुकडा डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले, नख रुतले. हा वेळेचा अपव्यय आहे, असे सांगून ते निघून गेले आणि नंतर व्याख्यानासाठी परदेशी गेले. इकडे क्रेव्हनने तो तुकडा यंत्रावर चढवलाच. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस चालले. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजत असे तेवढेसुद्धा हे पॉलिथिन तीन आठवड्यांत झिजले नव्हते. डॉक्टर परतले, त्यांनी आकडे पाहिले आणि स्वतःचे म्हणणे तिथल्या तिथे सोडून दिले. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिनची पहिली वाटी रुग्णाला बसवली गेली.

हे वाचताना मला मावसा आठवले. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात पाऊल टाकू देत नसत, कारण तेथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाने इतरांना विटाळ होई. पगार विणकाम खात्यात जास्त, म्हणून आपली माणसे रिंग खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला होता. मावसांच्या काळी ते उघड बंधन राहिले नव्हते, पण बापाच्या मागोमाग मुलगा त्याच खात्यात लागे. ज्या विणकामाच्या मागाला हात लावू दिला नाही, त्याच मागाच्या चाकाचे प्लॅस्टिक आज माझ्या मावशीच्या कमरेत आहे. हे मी मावशीला सांगितले. ती म्हणाली, "तुजा मावसा आसता तर लई हसला आसता."

नवा पदार्थ सापडला तरी चार्नली पुरते सावध झाले होते. टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिथिनचे बारीक तुकडे त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी होत्या, पॉलिथिनच्या जागी काही नव्हते. १९६३ साली त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. परंपरेने सांगितले म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरू सांगतो म्हणूनही नको, स्वतः पारखून घ्या, हा कालाम सुत्तातला उपदेश आपण विहारात ऐकतो. हा इंग्रज डॉक्टर बौद्ध नव्हता. परंतु तो पारखून घेत होता, आणि तेही दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या मांडीवर.

त्यांनी आपला सांधा लगेच बाजारात सोडला नाही. राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या शल्यविशारदांनाच तो मिळे. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होण्याचे प्रमाण त्यांच्याकडेही पूर्वी सुमारे ७ टक्के होते. ऑपरेशनच्या खोलीतील हवाच गाळून शुद्ध करण्याची व्यवस्था करून आणि डॉक्टरांच्या कपड्यांतही बदल करून त्यांनी ते १ टक्क्याच्या खाली आणले. आणखी एक विनंती ते रुग्णांना करीत. तुमच्या निधनानंतर हा सांधा आम्हाला परत द्या, म्हणजे तो किती झिजला हे मोजता येईल. अनेकांनी तसे लिहून दिले, आणि बोलावणे आले की चार्नली सांधा आणायला जात. १९७७ साली त्यांना सर हा किताब मिळाला, १९८२ साली त्यांचे निधन झाले.

जेथे ही सावधगिरी सुटली तेथे काय झाले तेही सांगितले पाहिजे. डीप्यु कंपनीचा एएसआर नावाचा खुबा निघाला, त्यात वाटीही धातूची आणि डोकेही धातूचे. घासून कोबाल्ट आणि क्रोमियम शरीरात उतरू लागले. हे सांधे अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होतात हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीतून लक्षात आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. तोपर्यंत ९० हजारांहून अधिक लोकांना ते बसवले गेले होते, त्यांत भारतातले रुग्णही होते. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने त्यांना नुकसानभरपाई द्यावी असे सांगितले. अशी नोंदवही स्वीडनने १९७९ सालापासून ठेवली आहे. बदललेल्या प्रत्येक खुब्याची नोंद, कोणता सांधा, केव्हा बसवला, केव्हा बिघडला. मी कारकून आहे, रजिस्टर लिहिण्याला लोक हसतात हे मला ठाऊक आहे. पण ऑस्ट्रेलियातील तो धोका कोणा मोठ्या डॉक्टरच्या नजरेने नव्हे, तर रजिस्टरच्या रकान्यांनी पकडला. प्रत्येक कृत्रिम सांध्याबरोबर क्रमांकाची चिकटपट्टी येते. ती डिस्चार्ज कार्डावर लावली आहे का ते पाहा आणि ते कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.

मावशीची शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली. चौथ्या दिवशी तिला वॉकर धरून उभे केले, ती डॉक्टरांना शिव्या देत उभी राहिली. सहा आठवडे अवघड गेले. सुनेने रजा काढली, शेजारच्या मुलींनी पाळ्या लावल्या. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले होते, ही गोष्ट मी त्या मुलींना सांगितली. त्यातली एक म्हणाली, "ताई, आनंद होते ना सोबत? मग आम्हालापण एक माणूस द्या, मावशी भारी आहे उचलायला." तिचे म्हणणे रास्त होते. दुसऱ्या दिवसापासून मावसभाऊ कामावर जाण्याआधी स्वतः आईला उठवून बसवू लागला.

एवढे सगळे निभावले, आणि पेच पडला तो विहारात. डॉक्टरांनी मांडी घालून, उकिडवे किंवा जमिनीवर बसायला मनाई केली होती, कारण फार वाकल्यास डोके वाटीतून निसटू शकते. पंचांग प्रणाम तर शक्यच नव्हता. मावशी तीन महिने विहारात आलीच नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "भगवंताच्या म्होरं खुर्चीवर बसू व्हय? समदी खाली आन मी वर?" मंडळातल्या दोन-तीन बायका गुडघ्यांच्या दुखण्यामुळे याच कारणाने येत नव्हत्या, हे तेव्हा कळले. भन्तेजींना विचारले तर ते हसून म्हणाले की वंदना मनाने करायची असते, गुडघ्यांनी नव्हे. महिला मंडळाने वर्गणीतून पाच खुर्च्या घेतल्या. मोरीत धरायला लोखंडी कडी आणि रात्रीचा दिवा हेही आता मंडळाच्या कामात आले आहे. आतापर्यंत अकरा घरांत कड्या बसल्या आहेत.

त्या पाच खुर्च्यांपैकी एकीचा पाय डुगडुगतो. मावशी दर रविवारी सगळ्यांच्या आधी विहारात जाते, ती खुर्ची उचलून भिंतीकडे उलटी ठेवते आणि मगच आपली जागा धरते.